समर्टनच्या सह्यांचा कागद

रविवार, रात्री उशिरा

काल सिडनी पॉटिए यांनी वकील थर्गुड मार्शल साकारलेला जुना टीव्हीपट पाहिला. आज दिवसभर त्यातल्या शाळांमधल्या वर्णभेदाच्या खटल्याबद्दलच, ‘ब्राउन विरुद्ध शिक्षण मंडळ’बद्दलच, वाचत बसले.

निकाल ठाऊक होता. 17 मे 1954 रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे नऊही न्यायाधीश एकमताने म्हणाले, सरकारी शाळांत गोरी आणि काळी मुलं वेगळी बसवणं घटनेला धरून नाही. पण त्या निकालात गुंफलेल्या पाच खटल्यांपैकी एकाची सुरुवात बसवरून झाली, हे मला माहीत नव्हतं. दक्षिण कॅरोलायनातली क्लॅरेंडन काउंटी. गोऱ्या मुलांना 30 बस, काळ्या मुलांना एकही नाही. काही पोरं नऊ-नऊ मैल चालायची. पालकांनी वर्गणी काढून एक जुनी बस घेतली, ती सारखी बंद पडे. निदान पेट्रोलचे पैसे तरी द्या म्हणाले, तर तेही मिळाले नाहीत.

मग त्याच काउंटीतल्या समर्टन गावात, शाळांत समान सोयी मागणाऱ्या पालकांच्या अर्जावर सह्या झाल्या. पहिलं नाव हॅरी ब्रिग्ज. पेट्रोल पंपावर कामाला होता. नाताळच्या आदल्या दिवशी मालकाने हातात सिगारेटचा खोका ठेवला आणि कामावरून काढलं. बायको एलायझा मोटेलमध्ये साफसफाई करायची, तिचंही काम गेलं. कोर्टातली भाषणं कितीही दमदार असोत, माझा जीव त्या सह्यांच्या कागदातच अडकलाय.

आणि बाहुल्या. मानसशास्त्रज्ञ केनेथ क्लार्क यांनी तिथल्या 16 मुलांपुढे गोऱ्या आणि सावळ्या बाहुल्या ठेवल्या, बाकी सगळं सारखं. वाईट कुठली दिसते? 11 जणांनी सावळी दाखवली. स्वतःच्या रंगाची. हे वाचून मी उठले आणि स्वयंपाकघरात जाऊन पुसलेलाच ओटा पुन्हा पुसत राहिले. साताऱ्याच्या शाळेत गोणपाटावर वेगळा बसणारा लहानगा भीमराव डोळ्यांपुढे आला. याच बाबासाहेबांनी 1946 साली ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं होतं. ड्यू बॉइस म्हणजे मार्शल काळ्या लोकांच्या हक्कांसाठीच्या ज्या संघटनेचे वकील, तिच्या संस्थापकांपैकी एक.

1951 साली चार्ल्स्टनच्या कोर्टात क्लॅरेंडनचे हे पालक हरले. तिघांपैकी एकटे न्यायाधीश वेअरिंग त्यांच्या बाजूने. वेगळं ठेवणं हीच विषमता, असं त्यांनी लिहून ठेवलं. ते चार्ल्स्टनच्याच जुन्या घराण्यातले. गोऱ्या समाजाने त्यांना वाळीतच टाकलं होतं. पुढे ते न्यूयॉर्कला निघून गेले.

ज्यांनी सगळ्यांना गोळा केलं त्या रेव्हरंड डिलेन यांचं घर त्याच वर्षी जळालं. 1955 मध्ये त्यांचं चर्च जाळलं, मग रात्री घरावर गोळ्या आल्या. त्यांनीही उलट गोळी झाडली आणि राज्य सोडलं. म्हणजे निकाल लागून दीड वर्ष झाल्यावर! त्या गोळीबद्दल त्यांच्यावर निघालेलं अटक वॉरंट रद्द झालं 2000 साली. तोवर त्यांना जाऊन 26 वर्षं झाली होती.