उत्तरेच्या भिंतीलगत हिवाळ्यातला सुगंध

इंग्लंडमध्ये घराच्या उत्तरेकडच्या पट्ट्यात नोव्हेंबर ते फेब्रुवारी ऊन असं पडतच नाही. अशा जागेसाठी मी डोळे झाकून सुचवेन ते ‘सार्कोकोका कन्फ्यूझा’ हे झुडूप. नर्सरीत ‘स्वीट बॉक्स’ म्हणून मिळतं. वाढ संथ, दीड-दोन मीटर उंची गाठायला कित्येक वर्षं लागतात. बुटकं हवं असेल तर सार्कोकोकाचाच ‘हुमिलिस’ हा प्रकार घ्यावा. तो साधारण अर्ध्या मीटरचा राहतो आणि जमिनीखालून फुटवे काढत पसरतो.

फुलं डिसेंबर ते मार्च. पाकळ्या नाहीतच, पानांच्या बेचक्यात नुसते पांढरट पुंकेसर, आणि शेजारी गेल्या वर्षीची काळी फळं. वास रातराणीसारखा: नाक जवळ नेण्यापेक्षा लांबूनच छान. म्हणून झुडूप दाराजवळ, वारा अडलेल्या कोपऱ्यात लावायचं. वाऱ्यावर सुगंध टिकत नाही.

खड्डा कुंडीच्या दुप्पट रुंद, पण कुंडीइतकाच खोल. चिकणमाती असेल तर तळ आणि कडा खणायच्या काट्याने (फोर्कने) फोडून घ्याव्यात. गुळगुळीत राहिल्या तर हिवाळ्यात खड्ड्याचं टाकं होतं आणि मुळं कुजतात. काढलेल्या मातीत कुजलेला पालापाचोळा मिसळायचा, वरून पाच सेंटिमीटर आच्छादन, खोडापासून जरा दूर. मोठ्या झाडाखाली पाऊस पोचत नाही, त्यामुळे पहिले दोन उन्हाळे कोरड्या आठवड्यांत एक बादली पाणी द्यावंच. एकदा रुजलं की कोरडी सावली निमूट सोसतं. पानं पिवळी पडली तर आधी दुपारचं ऊन आणि कोरडी माती तपासा, खत नंतर.

छाटणी फुलं संपल्यावर लगेच, वसंतात. उशीर केला तर पुढच्या हंगामाच्या कळ्याच कापल्या जातात. कुंपणासारखं वरून सपाट करण्यापेक्षा एक-दोन जुन्या फांद्या बुडातून काढलेल्या बऱ्या.

सावली अर्धवट असेल तर डॅफ्नी भोलुआ लावा. हे झुडूप मूळचं हिमालयातलं. नेपाळात याच्या सालीचा हातकागद करतात. १९८२ साली इंग्लंडमधल्या हिलियर नर्सरीत तयार झालेला ‘जॅकलिन पोस्टिल’ हा वाण सहसा सदाहरित राहतो आणि जानेवारी-फेब्रुवारीत गुलाबी-पांढऱ्या गुच्छांनी भरतो. गडद सावलीत मात्र फुलं कमी येतात. याची मुळं दुखावली की झाड रुसतं, म्हणून जागा एकदाच ठरवायची, मुळांचा गोळा मोकळा करायचा नाही आणि छाटणीच्या फंदात पडायचं नाही. पाणी साचणाऱ्या जमिनीत धडधाकट दिसणारं झाडही अचानक वाळतं. सगळे भाग विषारी, चिकाने त्वचा चुरचुरते. हातमोजे घालाच, आणि लहान मुलं असतील तर ते आवाक्याबाहेर लावा.

नवी रोपं करायची असतील तर सार्कोकोकाच सोपं. उन्हाळा सरताना दहा सेंटिमीटरच्या अर्धपक्व (बुडाशी कडक, टोकाशी कोवळ्या) काड्या, खालची पानं काढून, निम्मी वाळू घातलेल्या मिश्रणात, सावलीत. हुमिलिसचे तर मुळांसकट फुटवे वसंतात सरळ खणून लावता येतात.