पऱ्हाटीची फळी आणि गावचा सुतार

औद्योगिक डिझाइनच्या विद्यार्थ्यांना घेऊन आज वर्धा जिल्ह्यातील एका गावी गेलो होतो. कापूस वेचल्यावर उरणाऱ्या पऱ्हाटीचा भुगा युरिया-फॉर्मल्डिहाइड या कृत्रिम, चिकट राळेत दाबून केलेल्या फळीचे स्टूल मुलांनी मोठ्या अभिमानाने मांडले, तेव्हा गावच्या सुतारकाकांनी एवढेच विचारले, "मोडलं त जोडाचं कसं, अन् चुलीत टाकता येते का?" राळेमुळे ती फळी ना सहज कुजते, ना चुलीत निर्धोकपणे जळते, कच्चा माल शेतातला असला, तरी वस्तूचा शेवट कुठे होणार हा प्रश्न उरतोच (आमच्या मूल्यमापनाच्या तक्त्यात दुरुस्तीला स्वतंत्र गुण नाहीत, हे वेगळेच). आता मुलांनी फळी बाजूला ठेवून, बाभळीच्या लाकडाचे, खुंट्यांनी जुळणारे आणि एकेक पाय सुटा बदलता येणारे स्टूल करण्याचे ठरवले असून सांधे शिकवण्याचे काम काकांनी पत्करले आहे.