टालिनला जाताय? आधी केजीबीची खोली बघा

एस्टोनियाचं डिजिटल सरकार समजून घ्यायला येणारे बहुतेक जण राजधानी टालिनच्या विमानतळाजवळच्या उलेमिस्ते सिटीतलं ई-एस्टोनिया केंद्र गाठतात, तासाभराचं सादरीकरण ऐकतात आणि भारावून परततात. माझं म्हणणं, आधी शहराच्या मध्यावरच्या हॉटेल विरूच्या तेविसाव्या मजल्यावर जा.

हे हॉटेल १९७२ साली उघडलं, मुख्यतः परदेशी पाहुण्यांसाठी. वर केजीबी या सोव्हिएत गुप्तहेर संस्थेचं चोरून ऐकण्याचं ठाणं होतं आणि दारावर रशियन पाटी होती: ‘इथे काहीही नाही’. आता तिथे छोटं संग्रहालय आहे. गाइडशिवाय सोडत नाहीत आणि इंग्रजीतल्या फेऱ्या पटापट भरतात, म्हणून तिकीट घरूनच काढा. ती यंत्रं आणि ते फोन बघताना एकच प्रश्न डोक्यात घोळत राहतो. भिंतींनाही कान असलेल्या राजवटीतून १९९१ साली सुटलेल्या लोकांनी, पुढच्या दहा-बारा वर्षांत आपली सगळी माहिती संगणकावरून सरकारच्या हाती कशी दिली?

उत्तर असं की त्यांनी ती एका हाती दिलीच नाही. २००१ पासून चालणाऱ्या ‘एक्स-रोड’मध्ये, म्हणजे सरकारी खात्यांचे संगणक एकमेकांना जोडणाऱ्या व्यवस्थेत, सगळ्यांची माहिती ओतलेलं एकच कोठार नाही. कर खात्याचं कर खात्याकडे, दवाखान्याचं दवाखान्याकडे. गरज पडली की एक खातं दुसऱ्याला विचारतं आणि त्या विचारण्याची नोंद राहते. आपली माहिती कोणी उघडली, हे नागरिकाला बऱ्याच खात्यांच्या बाबतीत स्वतः बघता येतं. उगाच डोकावणाऱ्याला जाब द्यावा लागतो. शिवाय एकदा दिलेली माहिती सरकारने पुन्हा मागायची नाही, असं तत्त्व आहे. (आपल्याकडे सेतू केंद्रात रेशनकार्डाची झेरॉक्स कितव्यांदा देतोय, हे आपणही मोजायचं सोडून दिलंय.)

क्रमही बघण्यासारखा आहे. डिजिटल सहीचा कायदा २००० साली, ओळखपत्रं २००२ पासून, ऑनलाइन मतदान २००५ साली. आधी कायदा, मग कार्ड. २०२३ च्या संसदीय निवडणुकीत निम्म्याहून जास्त मतं ऑनलाइन पडली.

हे सगळं पाहिल्यावर मग ई-एस्टोनिया केंद्रात जा. वेळ आधी ठरवावी लागते आणि एकट्या-दुकट्यापेक्षा गटाने गेलेलं बरं. सादरीकरण गुळगुळीत असतं, त्यामुळे प्रश्न तयार ठेवा. २०१७ च्या ओळखपत्रांबद्दल जरूर विचारा. चिपमधला दोष सापडला आणि सुमारे साडेसात लाख कार्डांची प्रमाणपत्रं स्थगित करावी लागली. सरकारने ते लपवलं नाही, हे मला ऑनलाइन मतदानापेक्षाही मोठं वाटतं. देशातल्या रशियन भाषिकांबद्दलही विचारा. त्यांच्यापैकी अनेकांकडे आजही कोणत्याच देशाचं नागरिकत्व नाही, आणि कार्ड कितीही हुशार असलं तरी हा गुंता त्याने सुटत नाही. उलेमिस्ते सिटीतही जरा फिरा. आज जिथे कंपन्यांची ऑफिसं आहेत, तिथे सोव्हिएत काळात बाहेरच्यांना बंद असलेला ड्विगातेल कारखाना होता.

हातात एखादा दिवस असेल तर तार्तूला जा. टालिनहून रेल्वेने दोन-अडीच तास. वाटेत शाळांची गोष्ट आठवा. १९९६ साली राष्ट्राध्यक्ष लेनार्त मेरी यांनी ‘वाघाची झेप’ जाहीर केली: शाळाशाळांत संगणक आणि इंटरनेट. तेव्हा देश गरीब होता आणि इतर खर्च आ वासून उभे होते, तरी पैसा शाळांकडे वळवला. २००३ साली स्काइपची प्रणाली लिहिणारे अभियंते टालिनचेच. ते या योजनेतून घडलेले नव्हेत, सोव्हिएत काळातल्या गणित-विज्ञान शिक्षणाचा वारसा त्यामागे होता. पण स्काइप विकल्यावर आलेला पैसा आणि अनुभव पुढच्या कंपन्यांत गेला. परदेशी पैसे पाठवायची सोय करणाऱ्या वाइझ कंपनीच्या दोन संस्थापकांपैकी एक स्काइपचा पहिला कर्मचारी. तार्तूतलं राष्ट्रीय संग्रहालय जुन्या सोव्हिएत लष्करी विमानतळाच्या जागेवर उभं आहे. सोमवारी ते बंद असतं.

ई-रेसिडेन्सीबद्दल, म्हणजे परदेशी माणसाला मिळणाऱ्या एस्टोनियाच्या डिजिटल ओळखपत्राबद्दल, आपल्याकडे फार गैरसमज आहेत. २०१४ पासून मिळणाऱ्या या कार्डाने तिथे कंपनी काढता येते, सही करता येते. त्याने व्हिसा मिळत नाही, राहण्याचा हक्क मिळत नाही आणि भारतातला करही सुटत नाही. कोणी एजंट याहून जास्त सांगत असेल तर उठून निघा. फिरायला जायचं तर नेहमीचा शेंगेन व्हिसाच लागतो.

मुंबईहून थेट विमान नाही. हेलसिंकीला उतरून बोटीने दोन तासांत टालिनला पोचणं मला सोयीचं वाटलं. टालिनची बस-ट्राम २०१३ पासून फुकट आहे खरी, पण ती तिथल्या नोंदणीकृत रहिवाशांना. आपण बँकेचं कार्ड पुढच्या दारापाशी टेकवायचं. जूनमध्ये रात्री दहानंतरही उजेड असतो. डिसेंबरात मात्र दिवस जेमतेम सहा तासांचा, त्यामुळे तार्तूची गाडी सकाळचीच पकडा.