जळगाव ते तोरणमाळ, वापरलेल्या सुझुकी इंट्रूडर एम१८००आर या जड क्रूझर मोटरसायकलवर

मार्ग जळगाव, धुळे, दोंडाईचा, सारंगखेडा, शहादा, तोरणमाळ. एका बाजूने साधारण सव्वादोनशे किलोमीटर. चोपडा-शिरपूरवरून जाणारा रस्ता नकाशावर जवळचा दिसतो, पण या गाडीला खड्डे झेपत नाहीत. ग्राउंड क्लिअरन्स (जमिनीपासून पोटाची उंची) १३० मिमी आणि व्हीलबेस (दोन चाकांमधलं अंतर) १७१० मिमी, त्यामुळे गावातला बिनरंगाचा गतिरोधकसुद्धा पोटाला घासतो. मागे माणूस बसणार असेल तर निघण्याआधी मागच्या शॉकचा प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगचा ताण, वाढवा. उंच गतिरोधकावर त्याला सरळ उतरवा, त्यात कमीपणा नाही.

जुनी गाडी घेतली असेल तर आधी मागचा टायर पाहा. २४०/४० आर१८ हे माप खान्देशात ऐनवेळी मिळणार नाही. नक्षी भरपूर दिसली तरी फसू नका, साइडवॉलवरच्या (टायरच्या बाजूवरच्या) डीओटी कोडचे शेवटचे चार आकडे वाचा, ती टायर बनल्याची तारीख: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. कमी चाललेल्या गाड्यांचे टायर झिजण्याआधी कडक होतात आणि घाटात तेच घसरतात. मागचं चाक फिरवायला चेन नाही, शाफ्ट (दांडा) आहे, म्हणून लोक फायनल ड्राइव्हचं, म्हणजे मागच्या चाकाजवळच्या गिअरपेटीचं, हायपॉइड गिअर तेल विसरतात. ते तेल काढायच्या ड्रेन बोल्टला धातूची बारीक पूड चिकटणं चालेल, तुकडे निघाले तर सहल रद्द. कूलंट, ब्रेक ऑइल आणि बॅटरीचं वयही तपासा. १७८३ सीसीचं व्ही-ट्विन (दोन सिलिंडरचं) इंजिन सुरू करायला मरगळलेली बॅटरी पुरत नाही.

धुळ्यापर्यंतचा महामार्ग ही या गाडीची खरी जागा. १६० न्यूटन-मीटरच्या आसपास टॉर्क (ओढण्याची ताकद) असल्याने टँकर मागे टाकायला गिअर पाडावा लागत नाही. उन्हाळ्यात मात्र पहाटे पाचलाच निघा. वॉटरकूल्ड असली तरी गर्दीत मागच्या सिलिंडरची धग मांडीला लागते, आणि खान्देशचा पारा पंचेचाळिशीला टेकतो. दोंडाईच्यापुढे उसाच्या हंगामात बिनदिव्यांच्या ट्रॉल्या असतात, अंधारात हा टप्पा नको. डिसेंबरात सारंगखेड्याची घोड्यांची यात्रा आणि महाशिवरात्रीला तोरणमाळची गर्दी, दोन्ही टाळा.

टाकी साडेएकोणीस लिटरची, अ‍ॅव्हरेज लिटरला बारा ते पंधरा किलोमीटर. म्हणजे एक टाकी जेमतेम एका बाजूला पुरते, त्यामुळे शहाद्यात टाकी फुल्ल केल्याशिवाय वर जाऊ नये. तिथेच शेवभाजी खाऊन घ्या.

घाटात ३४७ किलो वजन आणि रुंद टायर दोन्ही जाणवतात. गाडी वळणात आपणहून झुकत नाही, वळणाच्या आतल्या बाजूचं हँडल पुढे ढकलून धरावं लागतं. फूटपेग लवकर घासतात, त्यामुळे वेग वळणाआधीच कमी करा. उतरताना दुसरा गिअर ठेवा. पुढचा ब्रेक जोरदार आहे, पण जुन्या गाड्यांना एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) नाही, वाळूवर तो हळूच दाबा. पावसाळ्यात दरड आली की रस्ता बंद होतो, शहाद्यात विचारूनच निघा.

रिव्हर्स गिअर नाही. तोरणमाळच्या यशवंत तलावाजवळ तोंड उताराकडे करून गाडी लावलीत तर परत ढकलताना दोन माणसं लागतील. काळ्या मातीत साइड स्टँड रुततो, खाली चपटा पत्रा ठेवा.

पंक्चरसाठी ट्यूबलेस टायरच्या भोकात भरायच्या रबरी वाती आणि बॅटरीवर चालणारा कंप्रेसर हवाच, हातपंपाने हा टायर भरत नाही. गाडी उचलून न्यायची वेळ आली तर छोटा हत्ती बोलावू नका. लांबी जवळपास अडीच मीटर, मागचं फाळकं बंद होत नाही. मोठी पिकअप सांगा आणि पट्टे हँडलला न बांधता खालच्या ट्रिपल क्लॅम्पला (पुढचे दोन फोर्क धरणाऱ्या पट्टीला) बांधा.