स्ट्रॉबेरी आणि क्रीम चीजचे बार
महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी बाजारात आली की मी हे बार करतेच, ती जरा आंबट असते ना, म्हणून क्रीम चीजबरोबर काय जमते! खालचा थर सोपा, २०० ग्रॅम डायजेस्टिव्ह बिस्किटांचा चुरा, ९० ग्रॅम वितळलेलं बटर, ८ इंची चौकोनी टिनमध्ये वाटीच्या बुडाने घट्ट दाबून १७० डिग्रीला १० मिनिटं. खरं काम मधल्या थराचं. ४०० ग्रॅम क्रीम चीज तासभर आधी फ्रीजबाहेर काढा, थंडगार असलं की गुठळ्या राहतात, त्यात १०० ग्रॅम साखर फेटा आणि शेवटी २ अंडी, पण अंडी घातल्यावर अगदी हलक्या हाताने बरं का, कारण हवा भरली की ओव्हनमध्ये फुगतं आणि गार होताना तडे जातात. १६० डिग्रीला साधारण २५-३० मिनिटं, मधला भाग किंचित हलत असतानाच बाहेर. स्ट्रॉबेरी साखर, लिंबू, चमचाभर कॉर्नफ्लॉवर घालून शिजवायची, पूर्ण गार झाली की वर पसरायची आणि रात्रभर फ्रीजमध्ये. चक्का घालूनही करता येतं, पण चव श्रीखंडाकडे झुकते, मला क्रीम चीजच हवं. कापताना सुरी दरवेळी गरम पाण्यात बुडवून पुसून घ्या, थर सुरेख दिसतात.