वसईची की वाशीची? पापडीच्या बाजारातली आगोटीची खरेदी

मे महिन्यातल्या एका शुक्रवारी मी आणि माझी धाकटी जाऊ वसईतल्या पापडीच्या आठवडी बाजारात गेलो होतो. सोबत घरची आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधी भरून ठेवायच्या सामानाची, यादी होती. सुके बोंबील, सोडे (सोलून वाळवलेली कोळंबी), जवळा (अगदी बारीक सुकी कोळंबी), जाडं मीठ, एक सूप, दोन खराटे आणि मिळालीच तर सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी. हे सगळं दादरलाही मिळतं, नाही असं नाही. पण पापडीला पाटी घेऊन बसलेली बाई पुष्कळदा तो माल स्वतः पिकवणारी किंवा सुकवणारी असते, आणि तिला दोन प्रश्न विचारता येतात. माझ्या मते या बाजाराचं खरं मोल तेवढंच. पावसाच्या आधी जायचा विचार असेल तर पुढचं उपयोगी पडेल.

जायला सोपं आहे. विरार लोकल म्हटलं की लोकांच्या पोटात गोळा येतो, पण सकाळची ती गर्दी चर्चगेटकडे येणाऱ्या गाड्यांना. आपण उलटे जातो. दादरहून सातच्या सुमाराची विरार गाडी धरली तर बहुधा बसायला जागा मिळते आणि तासाभरात वसई रोड येतं. भाईंदर सुटल्यावर खाडीचा पूल, पाणजू बेट, मग नायगावकडची मिठागरं. उजेडात जात असाल तर खिडकी सोडू नका.

वसई रोडला पश्चिमेकडे उतरायचं. पूर्वेला वालीव, सातिवली, गोखिवरे, म्हणजे कारखाने आणि ट्रक. पश्चिमेलाही सुरुवातीला नुसत्या इमारतीच आहेत, त्यामुळे अंबाडी रोडवर 'हेच का ते शांत वसई' असं वाटेल. माणिकपूर मागे पडलं की नारळीपोफळी दिसायला लागतात. एका अंगणात क्रूस, शेजारच्या अंगणात तुळशीवृंदावन. पालिकेची बस मिळाली तर उत्तम, नाहीतर शेअर रिक्षा. बसण्याआधी 'शेअर' हा शब्द उच्चारून घ्या, नाहीतर स्पेशलचे पैसे द्यावे लागतात आणि वर वाद. पुढच्या पारनाक्याच्या रिक्षेत बसलात तरी चालतं, पापडी त्याच रस्त्यावर आधी येतं.

नऊच्या आत पोचा. मे महिन्यात अकरानंतर डोक्यावर ऊन आणि खाली तापलेला डांबरी रस्ता, त्यात पालेभाजीही मान टाकते आणि माणूसही.

बाजारात सगळंच वसईचं नसतं, हे आधी सांगते. कपडे, प्लॅस्टिकच्या बादल्या, बांगड्या, मोबाईलची कव्हरं कुठल्याही आठवडी बाजारात असतात तशी इथेही आहेत, त्यांच्यापुढे रेंगाळू नका. भाजीतसुद्धा टोमॅटो, कांदे-बटाटे, फ्लॉवर हा माल नवी मुंबईतल्या वाशीच्या घाऊक मार्केटमधून आलेला असतो. एकसारखी, चकचकीत, मोठाली भाजी दिसली की समजायचं. वाडीतली, म्हणजे इथल्या घरच्या बागायतीतली, भाजी लहान आणि वाकडीतिकडी असते. पालेभाजीच्या जुड्या केळीच्या सोपटाने बांधलेल्या असतात, रबर लावलेलं नसतं. तोंडली, अळू, दुधी, पडवळ असा माल थोडाथोडा, वाट्यावर मांडलेला असतो. वजनकाटा नसेल तर बिचकू नका, वाटा परवडतोच.

मी एका मावशींना सरळ विचारलं, "वसईची की वाशीची?" त्या मोठ्याने हसल्या. म्हणाल्या, "ही वाडीतली, ती मिरची वाशीची. मिरची माझ्याकडनं नको घेऊ." विकणाऱ्याने स्वतःच्याच टोपलीबद्दल असं सांगावं! अर्थात सगळ्याच असं सांगतील असं नाही, पण विचारायला काय जातं?

वसईत अजून वाड्या दिसतात यामागे माणसं आहेत. 1980च्या दशकाच्या अखेरीस इथला हिरवा पट्टा बिल्डरांच्या घशात जाणार असं चित्र उभं राहिलं, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हरित वसईची चळवळ उभारली. तरीही बरंच गेलं. वाड्यांमधली बावखलं, म्हणजे पावसाचं गोडं पाणी धरून ठेवणारी तळी, कितीतरी ठिकाणी बुजवली गेली आहेत. बावखल बुजलं की आसपासच्या विहिरी मचूळ व्हायला लागतात, आणि मग वाडी फार दिवस टिकत नाही. पापडीला दुधीचे घासाघीस करून दोन रुपये कमी करताना हे आठवतं, आणि मग मी गप्प बसते.

आता मासळी. 1 जूनपासून यांत्रिक बोटींची समुद्रातली मासेमारी बंद होते, त्यामुळे मे महिन्यात सुक्या मासळीचा भाग भरगच्च असतो. नाक मुरडणारे लांबूनच वळतात. बोंबील, वाकट्या, मांदेली, जवळा, करंदी, सोडे, सगळे ढीग एकाला लागून एक. किनाऱ्यावरच्या कोळीवाड्यांत बांबूच्या वलांड्यांवर बोंबील वाळवतात. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून जोडी दोरीवर टाकली जाते, चिमटा लागत नाही की सुतळी. ढिगातला बोंबील उचलून त्याचं तोंड बघा, ते बारीक दात आणि वासलेला जबडा तसाच वाळलेला असतो.

बोंबील निवडताना रंग फिकट, पांढऱ्याकडे झुकलेला हवा. तांबूस-पिवळे डाग असतील तर तो खवट निघतो. मधोमध वाकवून बघायचा. नीट वाळलेला कडकन मोडतो, चामड्यासारखा वाकला तर आत ओल आहे आणि जुलैत त्याला बुरशी धरणार. ढिगाच्या तळाशी हात घालून बघा, पीठ हाताला लागलं तर माल जुना. सोड्यांच्या बाबतीत रंगाला भुलू नका. फिकट गुलाबी-नारिंगी आणि थोडे कमीजास्त रंगाचे सोडे चांगले, सगळे एकजात भडक केशरी असतील तर पुढे चला. जवळा मुठीत घेऊन सोडायचा. वाळू असेल तर ती तळव्यावर राहते.

भाव करायचा का? करायचा, पण एकाच बाईकडून तीन-चार जिन्नस घेऊन. एक पाव जवळ्यासाठी कोणी भाव उतरवत नाही. माझ्या जावेने बोंबील, सोडे आणि वाकट्या एकाच ठिकाणी घेतल्या तेव्हा मूठभर करंदी वर पडली.

हातच्या कामाच्या वस्तू मासळीच्या मानाने कमी दिसल्या, पण होत्या त्या अस्सल. बांबूची सुपं, टोपल्या, रोवळ्या, कोंबड्यांची डाली. नारळाच्या हिरांचे खराटे, शिंदीच्या केरसुण्या, मातीचे तवे आणि माठ, लोखंडी विळ्या, कोयते. सूप घेताना ते उलटं करून कडेची बांधणी बघायची. काठ वळवलेली बांबूची पट्टी बारीक कामट्यांनी जवळजवळ आवळलेली असली तर सूप वर्षानुवर्षं चालतं. बोटभर अंतरावर एकेक गाठ असेल तर पहिल्याच दिवाळीपर्यंत काठ सुटतो. विणीतून उजेड दिसला तर तांदूळ पाखडायला ते उपयोगाचं नाही, चाळायला ठीक. मातीचा तवा घ्यायचा तर बोटाच्या पेराने टिचकी मारून आवाज ऐका. खणखणीत आला तर भाजणी चांगली, बद्द आला तर चीर आहे. गाडीच्या गर्दीत तवा नेणं हे मात्र धाडस आहे. आम्ही केलं नाही.

बाजाराच्या कडेला आदिवासी बायका करवंदं, जांभळं, ताडगोळे घेऊन बसतात. ताडगोळे सोलून देतात, तिथेच उभ्याने खायचे. पहिला पाऊस पडल्यावर याच बायकांकडे शेवळं ही रानभाजी येते, सोबत तिच्यात घालायची काकडंही. शेवळांसाठी म्हणून कोणी जूनच्या सुरुवातीला जात असेल तर त्याचं मी कौतुकच करीन, पण आकाशाकडे बघून निघा. 2018च्या जुलैत वसई-नालासोपाऱ्याच्या रुळांवर पाणी भरून गाड्या बंद पडल्या होत्या. मुसळधार पावसाच्या दिवशी या बाजूला येऊ नये.

सुकेळी आम्हाला पापडीत मनासारखी मिळाली नाहीत, म्हणून पुढे विरारजवळच्या आगाशीला गेलो. हा रस्ता मी आवर्जून सुचवीन. पापडीहून गास, निर्मळ, नंदाखाल करत बस किंवा रिक्षा बदलत जायचं. वेळ लागतो, पण खरी वसई या रस्त्यावर आहे. पिकलेली राजेळी केळी सोलून उन्हात कित्येक दिवस वाळवतात, मग केळीच्या सुक्या पानात गुंडाळून पुडे बांधतात. साखर नाही, काही नाही. रंग मधासारखा ते गडद तपकिरी. चांगलं सुकेळं हाताला किंचित चिकटतं आणि दाबल्यावर मऊ लागतं. लाकडासारखं कडक असेल तर घेऊ नका. महाग आहेत, आणि का महाग हे राजेळीच्या उरलेल्या बागा बघून कळतं. पावसाळ्यात ती होत नाहीत, त्यामुळे मे म्हणजे हंगामाचा शेवट. दिवाळीनंतर गेलात तर निवड जास्त, आणि कार्तिक वद्य एकादशीला निर्मळची जत्रा भरते, तेव्हा दोन्ही कामं साधतात.

आणखी एक गोष्ट मे महिन्यातच साधते. ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्या मूळच्या ख्रिस्ती समाजाच्या, घरांमध्ये एप्रिल-मेमध्ये बाटली मसाला कांडला जातो. मिरच्या, धणे, हळद आणि बरेच मसाले भाजून, कांडून काळ्या-तपकिरी काचेच्या बाटल्यांत ठासून भरतात. प्रत्येक घराचं प्रमाण वेगळं, आणि ते विचारू नये. बाजारात शोधत बसण्यापेक्षा वसईत कोणी ओळखीचं असेल तर त्यांच्यामार्फत आधी सांगून ठेवा, वर्षाची बाटली हंगामातच संपते.

किल्ल्याबद्दल विचारतात म्हणून लिहिते. पापडीहून पारनाका आणि पुढे किल्लाबंदर जवळच आहे, 1739 साली चिमाजी अप्पांनी जिंकलेला तो हाच. पण हातात सुक्या मासळीची पिशवी असताना किल्ला बघू नये, कुत्री मागे लागतात. किल्ला वेगळ्या दिवशी.

सुटे पैसे भरपूर न्या. क्यूआर कोड पुष्कळांकडे असतो, तरी वाट्यावाल्या आजीबाईंकडे दहा-वीसच्या नोटाच चालतात. कापडी पिशव्या दोन, आणि मासळीसाठी झाकण घट्ट बसणारा स्टीलचा डबा. डबा नसेल तर आधी वर्तमानपत्र, मग प्लॅस्टिक, मग पुन्हा वर्तमानपत्र. परत येताना आगाशीहून विरार स्टेशन गाठायचं, गाडी तिथूनच सुटते म्हणून जागा मिळते. साध्या डब्यात बसलात तर पिशवी पायाशी ठेवा, वर रॅकवर नको. सोडे थोडे जास्त झाले असतील तर सरळ मालडब्यात चढा, तिथे कोणी काही बोलत नाही.

घरी आल्यावर बोंबलांना दोन कडक उन्हं दाखवायची, पूर्ण गार होऊ द्यायचे आणि मगच डबा बंद करायचा. गरम असताना झाकण लावलं की आत घाम सुटतो आणि सगळी खरेदी वाया जाते.