तुम्ही विचारलंत म्हणून : पंखा फिरतो, पडदा काळा

कोअरबूट या मुक्त फर्मवेअरवर, म्हणजे कळ दाबताच सर्वांत आधी चालून यंत्र जागे करणाऱ्या आज्ञावलीवर, काम करतो असे सांगितले की काही दिवसांत एक प्रश्न येतोच. ‘नवे फर्मवेअर चढवले, कळ दाबली, पंखा फिरतो, दिवा लागतो, पण पडद्यावर काहीच नाही. मेमरी खराब झाली का?’ बहुतेकांनी तोपर्यंत मेमरीचे मॉड्यूल, म्हणजे रॅमची पट्टी, काढून, पुसून, दुसऱ्या खाचेत बसवून पाहिलेले असते आणि काहींनी नवे विकतही आणलेले असते. माझे उत्तर दर वेळी एकच असते, पण ते दोन ओळींत मावत नाही, म्हणून ते येथे सविस्तर लिहितो आहे. मेमरीला हात लावण्याआधी फर्मवेअरचा लॉग, म्हणजे ते काय काय करते याची ओळीओळीने छापलेली नोंद, मिळवा. मॉड्यूल निर्दोष असूनही मेमरी सुरू न होणे ही अगदी नित्याची गोष्ट आहे, आणि लॉगशिवाय मॉड्यूल बदलत राहणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी देण्यासारखे आहे.

मेमरी ‘सुरू करावी’ लागते, हेच अनेकांना नवे वाटते. वीज आल्यावर प्रोसेसर पहिली आज्ञा वाचतो ती फर्मवेअर साठवलेल्या फ्लॅश चिपमधून, आणि त्या क्षणी रॅम नावाची गोष्ट त्याच्या लेखी अस्तित्वातच नसते. कोअरबूटचा पहिला टप्पा बूटब्लॉक आणि त्यानंतरचा टप्पा रॉमस्टेज हे प्रोसेसरच्या कॅशेलाच, म्हणजे त्याच्या आतल्या छोट्या मेमरीलाच, तात्पुरती रॅम म्हणून वापरतात. एवढ्याशा जागेत बसून रॉमस्टेजने खरी मेमरी जागी करायची आणि मग पुढच्या टप्प्याकडे, रॅमस्टेजकडे, कारभार सोपवायचा, असा क्रम आहे. १९९९ मध्ये लॉस अलामोस राष्ट्रीय प्रयोगशाळेत रॉन मिनिच यांनी हा प्रकल्प लिनक्सबायोस या नावाने सुरू केला आणि २००८ मध्ये त्याचे नाव कोअरबूट झाले. या सगळ्या काळात नव्या बोर्डासाठी सर्वाधिक घाम गाळावा लागला तो याच टप्प्यावर. इंटेलच्या सँडी ब्रिज आणि आयव्ही ब्रिज या प्रोसेसर-पिढ्यांसाठी हा भाग मुक्त स्रोतात लिहिला गेला, तर इंटेलच्या पुढच्या बहुतेक पिढ्यांसाठी तो एफएसपी नावाच्या बंद बायनरीतून येतो. बायनरी असली की आतले पाहता येत नाही. तरीही तिला आपण कोणती माहिती पुरवली हे तपासता येते, आणि दोष बहुतेक वेळा त्या माहितीतच सापडतो.

ही माहिती येते एसपीडीमधून. प्रत्येक मॉड्यूलवर एक छोटी चिप असते आणि त्या मॉड्यूलची क्षमता, रचना व वेळांच्या मर्यादा तिच्यात लिहिलेल्या असतात. डीडीआर३ मध्ये ही नोंद २५६ बाइटची असते. फर्मवेअर एसएमबस या बोर्डावरील साध्या संदेशवाहिनीवरून, हेक्समधील (सोळा-आधारी मोजणीतील) ५० ते ५७ या पत्त्यांवर, या चिपा वाचते. कोणत्या खाचेचा पत्ता कोणता हे बोर्डाच्या कोडमध्ये लिहावे लागते, आणि पहिली चूक इथेच होते. पत्ते उलटसुलट लिहिले गेले, तर पहिल्या चॅनेलवरील (मेमरीकडे जाणाऱ्या एका स्वतंत्र मार्गावरील) मॉड्यूलची माहिती दुसऱ्या चॅनेलच्या माथी मारली जाते. दोन्ही मॉड्यूल सारखे असतील तर ही चूक महिनोन्‌महिने झाकलेली राहते, आणि कुणी दोन वेगळी मॉड्यूल बसवली की अचानक उघडी पडते. ज्या बोर्डावर मेमरी थेट सोल्डर केलेली असते, तिथे बहुधा ही चिप नसतेच. मग एसपीडीची प्रत फर्मवेअरमध्येच ठेवतात, आणि अनेक प्रतींमधली कोणती वापरायची हे बोर्डावरील काही पिनांच्या स्थितीवरून ठरते. तिथे एक पिन चुकीची वाचली की चार जीबीच्या बोर्डाला आठ जीबीचे मोजमाप लागते.

एसपीडीतील आकडे कसे वापरले जातात ते एकदा जवळून पाहू. डीडीआर३ च्या नोंदीत वेळ ०.१२५ नॅनोसेकंदाच्या पटीत लिहिलेली असते. १६०० गतीच्या मॉड्यूलमध्ये बाराव्या बाइटात १० हा आकडा असतो, म्हणजे घड्याळाचा एक ठोका १.२५ नॅनोसेकंदांचा. सोळाव्या बाइटात १०५ असेल, तर वाचनाची आज्ञा दिल्यापासून माहिती येईपर्यंत किमान १३.१२५ नॅनोसेकंद द्यायला हवेत. भागाकार केला की १०.५ ठोके येतात. अर्धा ठोका देता येत नाही, म्हणून ११ घ्यावे लागतात. कोडमध्ये पूर्णांकांचा साधा भागाकार लिहिला गेला तर उत्तर १० येते आणि मॉड्यूलला १२.५ नॅनोसेकंदांत माहिती मागितली जाते. बरीच मॉड्यूल तेवढेही सहन करतात, काही करत नाहीत, आणि मग ‘अमुक मॉड्यूल या बोर्डावर चालत नाही’ असा समज पसरतो. म्हणून लॉगमध्ये छापलेला प्रत्येक आकडा मी कागदावर स्वतः मोजून पाहतो. हे काम कंटाळवाणे नाही. अर्ध्या ठोक्याची चूक आपल्या हाताने सापडते तेव्हा जे समाधान मिळते ते मला दुसऱ्या कोणत्याही कामात मिळालेले नाही.

आकडे ठरल्यावर मेमरीला जागे करण्याचा क्रम येतो: रीसेट किमान २०० मायक्रोसेकंद दाबून ठेवणे, तो सोडल्यावर ५०० मायक्रोसेकंद थांबणे, मग मेमरीने कसे चालायचे ते ठरवणारी मोड रजिस्टरे २, ३, १, ० या क्रमाने भरणे आणि २४० ओहमच्या रोधाच्या आधाराने मॉड्यूलला स्वतःचे अंशांकन करायला लावणे. हा भाग प्रमाणकात नेटका लिहिलेला आहे आणि तो क्वचितच फसतो.

खरी परीक्षा त्यानंतरच्या ट्रेनिंगची, म्हणजे तारांवरच्या संकेतांच्या वेळा जुळवून घेण्याची, असते. १६०० गतीला एक बिट तारेवर ०.६२५ नॅनोसेकंद टिकतो, आणि तेवढ्या वेळात बोर्डावरील संकेत जेमतेम नऊ-दहा सेंटिमीटर पुढे जातो. मेमरीच्या ६४ तारा आठ-आठच्या आठ लेनमध्ये विभागलेल्या असतात. डीडीआर३ मॉड्यूलवर घड्याळाचा संकेत एकेका चिपपाशी ओळीने पोहोचतो, त्यामुळे प्रत्येक लेनला लागणारा विलंब वेगळा असतो. फर्मवेअर विलंबाची पावले एकेक करून बदलते, प्रत्येक पावलावर ठरावीक नमुना लिहून किंवा वाचून पाहते, कुठून कुठवर तो बरोबर येतो ती ‘खिडकी’ शोधते आणि तिच्या मध्यावर विलंब कायम करते. ही मोजणी त्या बोर्डाची, त्या मॉड्यूलची आणि त्या वेळच्या तापमानाची असते. मूळ फर्मवेअर चालू असताना मेमरी कंट्रोलरची रजिस्टरे वाचून घेणे फार उपयोगाचे आहे आणि कोअरबूटसोबतचे इंटेलटूल हे साधन ते काम करते. त्यातील वेळांचे आकडे तुलनेसाठी जरूर घ्यावेत. ट्रेनिंगमधून आलेले विलंब मात्र कोडमध्ये जसेच्या तसे उतरवू नयेत, कारण ते दुसऱ्या यंत्रासाठी निव्वळ योगायोगाने बरोबर असू शकतात.

माझ्या स्वतःच्या कामातला एक दोष येथे सांगितला पाहिजे, कारण ‘मेमरी खराब’ या निदानावरचा माझा विश्वास त्यानेच उडवला. एका बोर्डासाठी ट्रेनिंगचा कोड मी लिहिला होता. यंत्र दिवसभर कितीही वेळा बंद-चालू केले तरी सुरू होई, पण रात्रभर बंद राहिले की सकाळी अडकत असे. सिरियल पोर्टवरून (दुसऱ्या संगणकाला जोडायच्या साध्या जोडणीवरून) आलेल्या लॉगमध्ये मेमरी सुरू झाल्याची ओळ दिसे, आणि पाठोपाठ रॅमस्टेजचे डीकॉम्प्रेशन फसल्याची. ही जोडी ओळखून ठेवावी. रॅमस्टेज हा मेमरीत उलगडला जाणारा पहिलाच मोठा दाबलेला ऐवज असतो, आणि त्यातला एखादा बाइट जरी बिघडला तरी तो उलगडत नाही. फ्लॅशमधली प्रत शाबूत असेल, तर दोष मेमरीकडेच बोट दाखवतो.

ट्रेनिंगचे निकाल फ्लॅशमध्ये साठवले जातात आणि पुढच्या वेळी तेच वापरून वेळ वाचवला जातो. तो साठा पुसल्यावर यंत्र सकाळीही सुरू झाले आणि काही दिवस निर्धोक चालले. दोष गेला असे मी मानले, आणि ती माझी चूक होती. एका दुपारी मॉड्यूल बदलले, गरम यंत्रावर नव्याने ट्रेनिंग झाले आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच. मग प्रत्येक लेनची खिडकी छापून पाहिली. एकूण पावले ६४, शून्य ते ६३, आणि ती वर्तुळाकार, म्हणजे ६३ नंतर पुन्हा शून्य. पाचव्या लेनची गरम असतानाची खिडकी ५० पासून ६३ पर्यंत आणि तिथून वळून ० ते १४ पर्यंत होती, एकूण २९ पावलांची, आणि तिचा मध्य शून्यावर पडत होता. माझ्या कोडने हे वळण धरले नव्हते. त्याने त्या एका खिडकीचे दोन तुकडे केले, त्यातला मोठा म्हणजे ० ते १४ निवडला आणि मध्य ठरवला ७. थंड यंत्रावर तीच खिडकी सरकून ४२ ते ६३ आणि ० ते ६ अशी झाली होती. साठवलेले ७ हे पाऊल तिच्या बाहेर अवघ्या एका घराने पडत होते. शून्य धरले असते तर ते गरम आणि थंड दोन्ही वेळा आत राहिले असते. दुरुस्ती चार ओळींची झाली. मॉड्यूल पहिल्या दिवसापासून निर्दोष होते.

आता लॉग मिळवायचा कसा, कारण पडदा तर काळा आहे. सिरियल पोर्ट असेल तर दुसरे काही शोधू नये. बहुतेक वेळा गती सेकंदाला ११५२०० बिट असते, आणि फर्मवेअर बांधतानाच लॉगची पातळी सर्वांत वर नेऊन मेमरी सुरू करण्याच्या तपशिलाचा पर्याय चालू करावा. लॅपटॉपवर सिरियल पोर्ट सहसा नसतो. तेव्हा जुन्या यंत्रांवर यूएसबी डीबग पोर्टचा मार्ग असतो, किंवा फ्लॅशमध्येच लॉग लिहिण्याचा पर्याय निवडून नंतर प्रोग्रामर या चिप वाचण्या-लिहिण्याच्या उपकरणाने ती चिप वाचता येते. हा दुसरा मार्ग संथ आहे, पण ज्या यंत्राला बाहेर बोलायला तोंडच नाही त्याच्यासाठी तो पुरेसा आहे. सीबीमेम या कोअरबूटच्या राखीव जागेतला लॉग येथे कामाचा नाही, कारण तो मेमरीतच ठेवला जातो आणि मेमरीच तर उभी राहिलेली नाही. प्रोग्रामरची क्लिप लावून चिप लिहिण्याआधी जुन्या फर्मवेअरच्या दोन प्रती वाचून त्या एकमेकींशी जुळतात का ते अवश्य पाहावे. सैल बसलेल्या क्लिपमुळे अर्धवट लिहिलेली चिपही काळाच पडदा दाखवते, आणि मग मेमरीवर विनाकारण खापर फुटते.

लॉग हाती आला की शेवटची ओळ पाहावी. एकही ओळ नसेल, तर प्रश्न मेमरीपर्यंत पोहोचलेलाच नाही. एसपीडी वाचतानाच थांबला असेल तर पत्ते पाहावेत. ट्रेनिंगमध्ये एकच लेन अडत असेल, तर त्या लेनचे संपर्कबिंदू साफ करून पुन्हा पाहणे रास्त आहे. मॉड्यूल दुसऱ्या खाचेत घातल्यावर दोष त्याच्यासोबत गेला तर दोष मॉड्यूलचा, आणि खाचेपाशीच राहिला तर बोर्डाचा किंवा कोडचा. सगळ्याच लेन अडत असतील, तर साफसफाईने काही होणार नाही. तेव्हा आज्ञांच्या वेळा, गती किंवा विद्युतदाब यांकडे वळावे. १.३५ व्होल्टचेच मॉड्यूल चालवणाऱ्या यंत्रात १.५ व्होल्टचे मॉड्यूल बसवलेले मी पाहिले आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि प्रत्येक वेळचा लॉग वेगळा जपून ठेवावा. कालचा आणि आजचा लॉग शेजारी ठेवल्यावर जे दिसते ते एकट्या आजच्या लॉगमध्ये कधीच दिसत नाही.

आणि यंत्र सुरू झाले, तरी लगेच हातावेगळे करू नये. शितावरून भाताची परीक्षा मेमरीच्या बाबतीत चालत नाही. मेमटेस्ट८६+ हा मेमरी तपासणारा प्रोग्राम पेलोड म्हणून (कोअरबूटने शेवटी चालवायचा प्रोग्राम म्हणून) जोडून रात्रभर चालवावा. यंत्र थंड असताना आणि चांगले तापल्यावर, अशा दोन्ही वेळी सुरू करून पाहावे. त्यानंतर ते स्लीपमध्ये घालून किमान दहा वेळा जागे करावे. त्या जागे होण्यात नवे ट्रेनिंग करता येत नाही, कारण मेमरीत वापरणाऱ्याची माहिती जशीच्या तशी टिकवायची असते. तेव्हा साठवलेले विलंबच वापरले जातात, आणि माझ्या पाचव्या लेनसारखे एखाद्या लेनचे पाऊल कडेवर असेल तर ते तिथे कळते. मला लॉग पाठवणार असाल तर पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत संपूर्ण पाठवा, सोबत प्रत्येक मॉड्यूलच्या एसपीडीची प्रत जोडा, आणि अडकण्याआधी यंत्र किती वेळ बंद होते तेवढे लिहा.